जीर्ण गोधड्या वाचवताना आलेले अनुभव

जुने कपाट भिंतीला घासू नये म्हणून त्याच्या मागे कोंबलेले एक मळकट बोचके गेल्या वर्षी माझ्या हाती लागले. उलगडल्यावर ती गोधडी निघाली. कडा झिजलेल्या, मधली ठिगळे विरलेली, एका कोपऱ्यात उंदराने पाडलेले भोक. आणि तरीही तिच्यावरचा धावदोरा इतका एकसारखा होता की मी बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिले. तिचे काय करावे हे मला उमगले नाही, म्हणून मी तिला अजून हात लावलेला नाही. ज्यांनी अशा गोधड्या वाचवल्या, किंवा वाचवता वाचवता गमावल्या, त्यांनी आपले अनुभव येथे तपशिलासह लिहावेत, अशी विनंती आहे.

* * *

गमावलेल्या गोधडीपासूनच मी सुरुवात करतो. वारशाने आलेली गोधडी मी टबात भिजवली आणि दोन कोपरे धरून उचलली. आतल्या कापसाने इतके पाणी शोषले होते की स्वतःच्याच भाराने तिचे मधले टाके तटातट तुटले आणि कापूस एका अंगाला गोळा झाला. तांबड्या ठिगळांचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला, तो पुढे कशानेही निघाला नाही. आता मी प्रत्येक रंगाच्या कापडावर, आणि रंगीत दोऱ्यावरही, पाण्याचा थेंब सोडून वर पांढरा टिपकागद दाबून धरतो. एका जरी रंगाचा डाग कागदावर उमटला तरी ती गोधडी पाण्यात जात नाही. धुणे अटळच असेल तर ती चादरीच्या झोळीत ठेवून टबात सोडावी, तळहाताने हलके दाबावी, चोळू किंवा पिळू नये, आणि झोळीसकट बाहेर काढून सावलीत आडवी पसरावी. मात्र बहुतेक वेळा धुण्याची गरजच नसते. वर प्लास्टिकची बारीक जाळी अंथरून व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी जोरावर फिरवला, तरी तंतूंना कापत राहणारी धूळ बरीचशी निघून जाते.

* * *

माझ्या गोधडीतील फक्त गडद तपकिरी ठिगळे भुकटी होऊन झडत होती, बाकीची शाबूत होती. छापील फुलांच्या तर केवळ तपकिरी रेघा नाहीशा होऊन त्यांच्या जागी कोरल्यासारख्या फटी पडल्या होत्या. कसर लागली असावी असे मी धरून चालले होते. वस्त्रसंवर्धनाचे काम करणाऱ्या एका जाणकार बाईंनी ते कापड पाहून वेगळेच कारण सांगितले. तपकिरी आणि काळे रंग गडद व पक्के व्हावेत म्हणून पूर्वी हिराकशीसारखे लोहाचे क्षार वापरत, आणि तेच लोह पुढे वर्षानुवर्षे सुताला आतून कमकुवत करत राहते. ही झीज उलटवता येत नाही. प्रकाश आणि दमटपणा कमी ठेवून तिचा वेग तेवढा कमी करता येतो. रेशमी गोधड्यांचीही अशीच एक व्यथा त्यांनी सांगितली: 19व्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाचे वजन वाढवण्यासाठी त्यावर कथिलाच्या क्षारांची प्रक्रिया करत, आणि असे रेशीम न वापरताही घडीतल्या घडीत चिरत जाते.

मी एकही ठिगळ काढले नाही. त्याच रंगात रंगवलेली तलम जाळी त्यावर अंथरून, कडेच्या भक्कम कापडात बारीक टाके घालून ती बसवली. झडणारे कापड आता जाळीखाली जिथल्या तिथे राहिले आहे, आणि पुढे कोणाला यापेक्षा चांगला उपाय सापडला तर माझे टाके अर्ध्या तासात उसवता येतील.

* * *

आमच्या गोधडीच्या फाटलेल्या कडेतून आत निळ्या चौकड्यांचे कापड दिसले, आणि त्यावर पुन्हा टाके! वापरून पातळ झालेली जुनी गोधडी नव्या गोधडीत भराव म्हणून घालण्याची रीत अनेक देशांत होती, हे मला नंतर कळले. उसवून आतली बाहेर काढावी की नाही, यावर घरात दोन आठवडे वाद चालला. मी नकार दिला, कारण एक पाहण्यासाठी दुसरी मोडावी लागली असती. त्याऐवजी अंधाऱ्या खोलीत टॉर्च कापडालगत आडवा धरला, तर वरच्या टाक्यांच्या मधून आतल्या टाक्यांच्या रांगा उंचवट्यांसारख्या उठून दिसल्या. वरचे टाके इंचात नऊ भरले. आतले चाचपून मोजले, ते पाचच होते. या दोघी निराळ्या बायका होत्या, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

* * *

एकच सूचना. षटकोनी तुकड्यांची अपुरी राहिलेली गोधडी मिळाली आणि मागे कागदाचे साचे टाचलेले असतील, तर ते काढू नयेत. ते पत्रांचे वा हिशेबाचे कापलेले कागद असतात. त्यांवर तारीख आढळली, तर ते काम त्याआधीचे नाही एवढे नक्की होते.

* * *

अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधील प्रसंग गोधडीवर शिवले. 1886 च्या सुमारास पूर्ण झालेली ती गोधडी आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अडचणीच्या काळात त्यांनी ती पाच डॉलरला विकली, तेव्हा प्रत्येक चौकटीचा अर्थ घेणाऱ्या बाईंना समजावून सांगितला आणि त्या बाईंनी तो लिहून ठेवला. हे वाचल्यावर मी माझ्या मावशीसमोर वही घेऊन बसले. कोणता तुकडा कोणाच्या सदऱ्याचा, दोरा मध्येच पांढऱ्याचा निळा का झाला, असे ती दोन दुपारी सांगत होती. निळा दोरा तिने स्वतः घातला होता. पांढऱ्या दोऱ्याचे काम तिच्या आईच्या हातून अपुरे राहिले होते.

* * *

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जाळी अंथरून माझी गोधडी स्वच्छ केली आणि खळ नसलेल्या, धुतलेल्या मांजरपाटासह ती रुंद नळीवर सैल गुंडाळली, म्हणजे घडीच्या रेषांवर कापड पिचणार नाही. लाकडातून निघणारी आम्ले कापडाला पिवळे करतात आणि प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, म्हणून दोन्ही टाळले. उंदराच्या भोकामागे जुळत्या रंगाचे कापड टाचले आहे, पण भोकाच्या कडा तशाच ठेवल्या आहेत. धावदोरा तेथपर्यंत येऊन थांबतो आणि पलीकडे पुन्हा त्याच ओळीत सुरू होतो.