‘वॉल्ड किचन गार्डन’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या हेलिगन नावाच्या जुन्या इस्टेटवरचा लेख मराठीत करतेय. ट्रिमेन घराण्याची ही इस्टेट, पहिल्या महायुद्धानंतर बागा रान माजून पार गाडल्या गेल्या आणि 1990 मध्ये पुन्हा सापडल्या. तिथे भिंतींच्या आत फळं-भाज्या पिकवायचे. मी ‘परसबाग’ लिहिलंय पण वाचताना खटकतंय. काय लिहू?

प्रतिसाद: ताई, खटकणारच. परस म्हणजे घराची मागची बाजू, तिथे मोरीचं पाणी अळूला नि केळीला जातं आणि सगळं घरची बाईच बघते. या इंग्लिश बागा बऱ्याचदा बंगल्यापासून लांब असायच्या, पगारी माळी, त्यांच्यावर हेडमाळी, वर्षभर साहेबाच्या टेबलावर ताजं जायलाच हवं. मळा म्हणावं तर तो उघडा. मला विचाराल तर ‘वाडी’. आज वाडी म्हटलं की वस्ती आठवते पण संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण, वाडा नि वाडी त्यातनंच आले, म्हणजे भिंत शब्दातच आहे! गंमत बघा, इंग्रजी गार्डन आणि यार्डच्या मुळाशीही कुंपणच आहे.

आमच्या कोकणात वाडीला गडगा असतो, पावसात ढासळला की दगड उचलून परत रचायचा, तो गुरं अडवायला. तिकडची विटांची भिंत वारा अडवते आणि ऊनही साठवते. आमच्या चिऱ्याच्या भिंतीला तिन्हीसांजेला पाठ टेकली तरी ऊब लागते ना, तसंच, म्हणून दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीवर फळझाडं पसरट बांधून वाढवायचे. मी ‘भिंतीची वाडी’ लिहीन.

प्रश्नकर्ती: वाडी पटलं दादा, एकदम पटलं! हेलिगनच्या मेलन यार्ड नावाच्या आवारात तर अननस लावायचे, काचेखाली मधे कुंड्या आणि दोन्ही बाजूंच्या चरांत ताजी घोड्याची लीद, ती कुजताना जी ऊब सुटते त्यावर अननस पिकतो. त्याला काय लिहू? आणि लगेच बाजूला माळ्यांचा संडास आहे, त्याच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने नावं लिहिलीत, ऑगस्ट 1914. मग पोरं युद्धावर गेली, बरीचशी परत आलीच नाहीत. तिथे ‘शौचालय’ लिहायला हात होत नाहीये.

प्रतिसाद: अननसाला सरळ ‘लिदीच्या उबेवरचा अननस’ लिहा, कोणालाही कळेल. अननस शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, फळही त्यांनीच आणलं, आणि इथे ते नुसत्या उन्हावर पिकतं, हे एका ओळीत सांगा म्हणजे तिकडचा खटाटोप वाचणाऱ्याला जाणवेल.

आणि त्या खोलीला शौचालय नकोच, ते सरकारी पाटीवरचं वाटतं. आपली जुनी माणसं ‘परसाकडे जाऊन येतो’ म्हणायची ना? बागेला नाही बसला तो परस इथे बसतो. ‘माळ्यांची परसाकडची खोली’ लिहा, आणि नावं त्यांनी लिहिली तशीच पूर्ण द्या.