चार फुटी टाकीसाठी कॅनिस्टर फिल्टर : वीज वारंवार जाणाऱ्या गावात कोणता घ्यावा?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी असून तीत दोन ऑस्कर आणि चार सिल्व्हर डॉलर असे मासे आहेत. ऑस्कर वीतभर झाले तसे त्यांचे खाणे आणि त्यामागून होणारी घाण इतकी वाढली, की काचेला आतून चिकटवलेला छोटा पॉवर फिल्टर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुंबतो आणि स्पंज पिळला की काळाभोर गाळ हातात येतो. म्हणून कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीखाली ठेवून नळ्यांनी जोडायचा बंद डब्याचा फिल्टर, घ्यायचे ठरवले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचा दुकानदार म्हणतो की तासाला 2000 लिटरचा घ्या, प्रश्नच मिटला. उलट तासाला 1000 लिटर लिहिलेल्या एका खोक्यावर तो 400 लिटरच्या टाकीलाही पुरेल असे छापलेले पाहिले. यातले कोणते धरून चालावे?

परिस्थिती अशी आहे. आमचे घर गावठाण फीडरवर असल्यामुळे एरवी वीज तास-अर्धा तासच जाते, पण मृगाच्या आधीच्या वादळात तार तुटली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहावी लागते. संध्याकाळी व्होल्टेज बरेच उतरते. बोअरचे पाणी खारपाणपट्ट्यातले, म्हणून टाकीत नळयोजनेचे पाणी घालतो, तेही एक दिवसाआड येते. लोखंडी स्टँड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला असून त्याखाली 26 इंच जागा मोकळी आहे. खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये.

वर्धेकर (हिंगणघाट)

आधी टाकीचा हिशेब करू. तुमची टाकी नऊ घनफुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे 255 लिटरची आहे. खालची वाळू आणि वर सोडलेली चार बोटे वजा केली तर प्रत्यक्ष पाणी 220 लिटरच्या आसपास भरेल. ऑस्करसारख्या खादाड माशांसाठी हे पाणी तासातून चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावे असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे तुम्हाला तासाला 900 ते 1100 लिटरचा प्रवाह हवा. अडचण ही, की खोक्यावरचा आकडा रिकाम्या डब्याचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्या, नळ्यांना दोन वळणे पडली आणि वरून आठवडाभराचा गाळ बसला, की निम्मा-पाऊण प्रवाहच उरतो. म्हणून 1400 ते 1500 लिटर लिहिलेला फिल्टर तुमच्या टाकीला योग्य ठरेल. 2000 चा घेतला तर बिघडत काही नाही, पण वीज जास्त लागते आणि सिल्व्हर डॉलरना दिवसभर धारेविरुद्ध पोहत राहावे लागते.

घरी आणल्यावर प्रवाह स्वतः मोजून घ्यावा. परतीची नळी 10 लिटरच्या बादलीत धरायची आणि घड्याळ लावायचे. बादली एका मिनिटात भरली तर प्रवाह तासाला 600 लिटर, चाळीस सेकंदांत भरली तर 900. मोजताना बादली टाकीच्या काठाच्या उंचीवरच धरावी, कारण ती जमिनीवर ठेवली तर उतारामुळे धार वाढते आणि आकडा फुगून येतो. हा आकडा स्टँडवर खडूने लिहून ठेवला तर पुढे फिल्टर कधी उघडायचा हे त्यावरूनच कळते.

मात्र प्रवाहापेक्षाही डब्यात माध्यम (घाण पचवणारे जिवाणू ज्यावर वाढतात ते स्पंज, रिंगा वगैरे) किती मावते याला मी अधिक किंमत देतो. एहाइम क्लासिक 2217 चा प्रवाह तासाला 1000 लिटर आणि वीज 20 वॅटच, तरी त्याच्या डब्यात ट्रे नसून माध्यम थेट भरायचे असल्याने पाण्याला बाजूने निसटून जायला वाट मिळत नाही; उलट ट्रेंचे फिल्टर उघडून धुवायला सोपे, पण ट्रेची रबरी कड सैल पडली की पाणी माध्यमाला वळसा घालून निघून जाते. सनसन एचडब्ल्यू-303बी हा ट्रेंचा, तासाला 1400 लिटरचा आणि 9 वॅटच्या यूव्ही दिव्यासह येतो. तो दिवा पाणी हिरवे होण्यावर चालतो, माशांच्या घाणीवर नाही; त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

धानपट्टा (साकोली, जि. भंडारा)

हिशेब बरोबर आहे, पण मूळ निर्णयाशीच माझा मतभेद आहे. ज्या गावात तार तुटल्यावर दुसऱ्या दिवशी वीज येते त्या गावात बंद डब्याचा फिल्टर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी टाकीच्या वर बसणारा उघडा टॉप फिल्टर घ्यावा किंवा प्लॅस्टिकचा लांबट कुंडा घेऊन घरीच तयार करावा. त्यातले माध्यम हवेशी लागून असते, त्यामुळे पंप बंद पडला तरी ते ओलसर राहते आणि जिवाणू तग धरतात. पंप जळालाच तर तालुक्याच्या बाजारात कूलरचा पंप मिळतो, तो लावून वेळ निभावते. कॅनिस्टरचे झाकण किंवा इंपेलर (पंपाचे फिरते पाते) गेला तर सुटा भाग नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो, आणि तोवर ऑस्करने काय करायचे?

दुसरी गोष्ट उंदरांची. गावच्या घरात धान्याची पोती असतात, उंदीर असतात, आणि टाकीच्या मागच्या अंधारात लोंबणारी मऊ नळी त्यांना फार आवडते. नळीला भोक पडले तर ओढनळीच्या जाळीपर्यंतचे पाणी सायफनने घरात वाहून जाते. तरीही कॅनिस्टरच घ्यायचा असेल तर ती जाळी तळाशी न ठेवता निम्म्या उंचीवर ठेवा, म्हणजे अर्धी टाकी तरी वाचेल, आणि डबा घमेल्यात ठेवा, म्हणजे झाकणातून झिरपले तर लगेच लक्षात येईल.

मोटारवायंडिंग (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

दादा, तुमचा उंदरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण विजेसाठी कॅनिस्टर बाद करायची गरज नाही. आणि कूलरचा पंप टॉप फिल्टरला लावायचाच असेल तर त्याची वायर आणि सीलबंदी आधी तपासून घ्यावी. माशांच्या टाकीत आपण हात घालत असतो, तेव्हा अशी टाकी अर्थिंग आणि आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) चालवू नये.

आता व्होल्टेजबद्दल. कॅनिस्टरच्या पंपात चुंबकाचा रोटर असलेली सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग 50 हर्ट्झ वारंवारतेशी बांधलेला असल्यामुळे व्होल्टेज थोडे उतरले तरी ती मंदावत नाही. पण फार उतरले तर वीज परत आल्यावर ती सुरूच होत नाही, जागेवर थरथरत घुमत राहते आणि तापते. त्यामुळे संध्याकाळी वीज जाऊन परत आली की डब्याला हात लावून पाहावा : बारीक, एकसारखी थरथर म्हणजे पंप चालू आहे, खरखर किंवा जड गुंगाट म्हणजे रोटर अडकला आहे किंवा आत हवा धरली आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच असावा, कारण जुन्या स्क्वेअर वेव्हवर हे पंप आवाज करतात आणि गरम होतात. 20 वॅटचा पंप 12 तास चालला तर 240 वॅट-तास लागतात. 150 अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला हे जड नाही, तिला पंखेच रिकामी करतात. ऑनलाइन मागवताना 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ हे शब्द पाहिल्याशिवाय पैसे भरू नका, परदेशी 110 व्होल्टचा मालही तिथे खपवला जातो.

वीज जाते तेव्हा डब्यात काय होते, ते नीट समजून घेतले तर भीती राहत नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. पंप थांबला की बंद डब्यातल्या पाण्यातला प्राणवायू तेच संपवतात, तिथला गाळ कुजू लागतो, आणि काही तासांनी आत सडलेल्या अंड्यासारखा वास येणारे घाण पाणी तयार होते. वीज आली की पंप ते सगळे एका दमात टाकीत ओततो. मासे मरतात ते बहुधा अशा वेळी. म्हणून एक-दोन तासांपर्यंत काही करू नये. त्याहून जास्त वेळ लागणार असे दिसले की आधी पंपाची पिन काढावी, नळ्यांचे कॉक बंद करावेत, डबा उघडावा आणि माध्यम पसरट घमेल्यात टाकीच्याच पाण्याने ओले ठेवावे. मध्यरात्री हे शक्य नसेल तर निदान पिन काढून झोपावे. सकाळी वीज आल्यावर परतीची नळी बादलीत सोडून डब्यातले सगळे पाणी आधी बाहेर काढावे, आणि मगच ती टाकीत वळवावी. बादलीतले पाणी जास्वंदीला घाला, तिला चालते.

कवेलू (अचलपूर)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पाण्याविषयी लिहिते. वरच्या उत्तरांत पीएचचा उल्लेख आला नाही, आणि आपल्या पश्चिम विदर्भात तोच महत्त्वाचा आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी माशांना घातक असणारा मुक्त अमोनिया 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना जेमतेम अर्धा टक्का असतो, तर पीएच 8 असताना पाच टक्क्यांवर जातो. तापमान वाढले की हे प्रमाण आणखी चढते. म्हणजे आपल्या जड, पीएच जास्त असलेल्या पाण्यात, मे महिन्यात, फिल्टरची तीच गफलत दहापट महाग पडते. त्याच वेळी पाण्यात प्राणवायू मावण्याची क्षमता घटते : 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 35 अंशांना 7 च्या आसपास. कॅनिस्टरची परतीची धार पाण्याखाली सोडली तर तिच्यातून हवा मिसळत नाही; म्हणून स्प्रे बार (परतीच्या टोकाची छिद्रांची नळी) पृष्ठभागाच्या किंचित वर बसवून पाणी खळाळत पडू द्यावे.

उन्हाळ्यात आटलेले पाणी बोअरच्या पाण्याने भरून काढू नये, कारण वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी आणि क्षार टाकीतच साचत राहतात. तेच क्षार इंपेलरच्या दांडीवर पांढरे थर धरतात. इंपेलर काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवला आणि साध्या पाण्याने धुतला की थर सुटतो. जिवाणूंचे माध्यम मात्र नळाखाली कधीही धुऊ नये. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर पडलेली असते आणि तिच्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज खळबळून घ्यावा, तोही नव्यासारखा स्वच्छ होईपर्यंत नव्हे.

माध्यमावर फार खर्च करायची गरज नाही. तळातून वर जाणाऱ्या पाण्यासाठी आधी जाड स्पंज, मग सिरॅमिक रिंगा आणि शेवटी बारीक पॉलिस्टर वडिंग असा क्रम ठेवावा. रिंगा कमी पडल्या तर जुन्या मातीच्या कवेलूचे (छपराच्या कौलाचे), रंग किंवा सिमेंट न लागलेले, सुपारीएवढे तुकडे स्वच्छ धुऊन भरता येतात. भाजलेल्या मातीच्या छिद्रांत जिवाणू चांगले वाढतात. आपल्या भागात कापसाला तोटा नाही, पण तो वडिंगच्या जागी भरू नये, तो कुजतो आणि लगदा होऊन प्रवाह अडवतो.

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, कवेलूचे तुकडे आमच्या जुन्या गोठ्यामागे ढीगभर पडले आहेत, तो खर्च वाचला. 1400 लिटरच्या आसपासचा, ट्रे असलेला कॅनिस्टर घ्यावा असे वाटू लागले आहे. घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असल्याने तो बदलेपर्यंत वादळी रात्रींसाठी काय करावे? आणि नवा फिल्टर आला की जुना त्याच दिवशी काढून टाकायचा का?

धानपट्टा (साकोली, जि. भंडारा)

कॅनिस्टर घेताच आहात तर त्यासोबत एक मोठा स्पंज फिल्टर आणि वीज गेली की आपोआप बॅटरीवर येणारा हवेचा पंप घ्या. तो टाकीत बाराही महिने चालू ठेवा, म्हणजे त्याच्या स्पंजात जिवाणू कायम वसलेले राहतील आणि डबा बंद असतानाही टाकीची निम्मी तरी जबाबदारी कोणीतरी उचललेली असेल. एवढे केले तर माझा विरोध मागे घेतो. खरेदी करतानाच झाकणाची ओ-रिंग आणि इंपेलर दांडीसह जादा मागून घ्या. दुकानदाराकडे हे दोन भाग मिळत नसतील तर तो फिल्टर कितीही स्वस्त असला तरी उचलू नका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने रबर फुगण्याची शक्यता असते.

वर्धेकर (हिंगणघाट)

जुना फिल्टर लगेच काढू नका. दोन्ही चार ते सहा आठवडे एकत्र चालू द्या, आणि जुन्याचा गाळाने भरलेला स्पंज नव्या डब्यात पिळा. पहिल्या दिवशी पाणी गढूळ दिसेल, पण जिवाणूंचे विरजण त्यातूनच पडते. या काळात ऑस्करना खाणे निम्मे करा. ते काचेवर तोंड आपटून मागतील, तिकडे लक्ष देऊ नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे द्रव किट आणून आठवड्यातून दोनदा पाहा, आणि दोन्ही शून्यावर टिकून राहिले की जुना काढा. 26 इंचांत डबा मावेल, पण वर नळ्यांना मोडल्याशिवाय वळायला जागा उरते का, हे विकत घेण्याआधी टेपने मोजून घ्या.