निवाऱ्यातून आणलेल्या मांजराचा डोळा पाणावला, तर थांबायचं की लगेच डॉक्टर गाठायचा?

खिडकीतलं_ऊन

तीन आठवड्यांपूर्वी पुण्यातल्याच एका निवाऱ्यातून भुरीला घरी आणलं. वय अंदाजे आठ महिने, अंगावर राखाडी पट्टे. देताना सांगितलं होतं, 'उजव्या डोळ्याला थोडं पाणी येतं, जागा बदलली की थांबेल.' तीन दिवस ती दिवसा दिवाणाखालून हललीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी बाहेर आली तेव्हा उजवा डोळा अर्धाच उघडत होता. नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा निम्म्या बुबुळावर सरकलेला, आणि खिडकीकडे तोंड केलं की डोळा घट्ट मिटून घ्यायची.

शेजारच्या काकूंनी मायेने थेंबांची बाटली आणून दिली. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. मी टोपण काढलंसुद्धा होतं. नवरा म्हणाला, आधी डॉक्टरांना विचार. डॉक्टरांनी 'काहीही घालू नका, तशीच घेऊन या' म्हटलं. तिथे त्यांनी केशरी टोकाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा घालवला आणि निळ्या उजेडात मला बघायला लावलं. बुबुळावर एक हिरवी रेघ होती आणि तिला वाळक्या काटकीसारखे फाटे फुटले होते. हर्पिसच्या विषाणूने केलेला व्रण. काकूंच्या थेंबांत स्टेरॉइड होतं. व्रण असताना ते पडलं असतं तर तो भरायचा सोडून खोल गेला असता, बुबुळाला भोकसुद्धा पडू शकतं म्हणाले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. नव्या मांजराचा डोळा पाणावला की त्याच दिवशी डॉक्टर. 'दोन दिवस बघू' नको आणि घरातला उरलेला कुठलाही थेंब नको. निवाऱ्यांनीही डोळा पूर्ण बरा झाल्याशिवाय मांजर देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

पेठकर_काका

थेंबांबद्दल शंभर टक्के पटलं. बाकीचं नाही.

वीस वर्षांत पाच मांजरं घरात आली, पाचही रस्त्यावरची किंवा निवाऱ्यातली. त्यातल्या तिघांच्या डोळ्यांना पहिल्या आठवड्यात पाणी आलं आणि आपोआप थांबलं. कारण तुम्ही लिहिलंय तोच हर्पिस. हा विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंत दडून राहतो आणि मांजराला ताण आला की डोकं वर काढतो. नवं घर, नवे वास, नवी माणसं, हाच मुळात मोठा ताण. त्यात दुसऱ्याच दिवशी पिंजऱ्यात कोंबून लक्ष्मी रोडच्या गर्दीतून रिक्षाने न्यायचं, दवाखान्यात शेजारी कुत्रा भुंकतोय, अनोळखी हात तोंड धरतायत. जे शांत करायचं तेच आपण पेटवतो.

मी काय करतो? एक खोली, तिथे कुणाची ये-जा नाही. लपायला आडवं टाकलेलं खोकं. खाणं आणि मातीचा ट्रे एकमेकांपासून लांब. पाणी स्वच्छ असेल, डोळा उघडा असेल आणि मांजर जेवत असेल, तर दोन दिवस नुसतं बघायचं.

खिडकीतलं_ऊन

काका, भुरी पहिले तीन दिवस रात्री उठून जेवत होती. पाणीही स्वच्छच होतं. मी अगदी तुमच्यासारखंच 'रुळेल हळूहळू' म्हणत बसले. त्या तीन दिवसांत तो व्रण वाढत होता का, हे मला कधीच कळणार नाही. तेच मनाला लागलंय.

आजीचा_बटवा

आमच्याकडे त्रिफळ्याचं पाणी गाळून डोळे धुतात, माणसांचेही आणि मांजरांचेही. गुलाबपाणीही चालतं. आईने कित्येक पिल्लांचे चिकटलेले डोळे असेच उघडलेत. प्रत्येक गोष्टीला डॉक्टर कशाला? सगळ्यांनाच ते परवडतं असं नाही. रस्त्यावरचं पिल्लू उचलणारी कामवाली बाई दर खेपेला डॉक्टरची फी कुठून आणणार?

गुरांचा_डॉक्टर

पशुसंवर्धन खात्यात आयुष्यभर नोकरी केली. जन्म गाई-म्हशींत गेला, पण तालुक्याच्या दवाखान्यात मांजरंही येतच होती. थोडं सविस्तर लिहितो.

बटवाताई, परवडण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो कुणी हलक्यात घेऊ नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत खर्च फार कमी येतो. पण त्रिफळ्याचा काढा नको. घरी गाळलेल्या पाण्यात जंतू आणि बारीक कण राहतात. साध्या डोळ्याला कदाचित काही होणार नाही, पण बुबुळाची साल निघालेली असेल तर त्यातूनच जंतू आत शिरतात. मधही नको आणि गुलाबपाणीही नको. तुमच्या आईंनी पिल्लांचे डोळे उघडले ते बहुधा कोमट पाण्याच्या ओलाव्याने. तेवढंच करा. उकळून कोमट केलेलं पाणी, कापसाचा बोळा, चिपडं मऊ होईपर्यंत पापणीवर धरायचा आणि नाकाकडून बाहेर पुसायचं. दोन डोळ्यांना दोन बोळे. ओढून काढायचं नाही.

आता मूळ वाद. मांजराचे डोळे येण्याची कारणं बरीच. हर्पिस सगळ्यांत जास्त दिसतो. कॅलिसी विषाणूत बहुतेक वेळा तोंडात फोड येतात. क्लॅमिडिया या जिवाणूच्या लागणीत पापणीच्या आतलं आवरण लालभडक सुजतं, बऱ्याचदा आधी एकच डोळा, मग दुसरा. क्लॅमिडिया असेल तर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि डोळा आठवड्यात छान दिसला तरी मधे सोडायचा नसतो. ही गोळी कोरडी घशात ढकलू नका. ती अन्ननलिकेत अडकून आतून जखम करते, पुढे नळी अरुंद होऊन मांजराला गिळता येत नाही. गोळीनंतर पाच-सहा मिली पाणी पाजा किंवा लगेच खायला द्या.

आणखी एक कळकळीने सांगतो. हर्पिस शब्द ऐकून घरातल्या माणसाच्या नागिणीच्या गोळ्या मांजराला देऊ नका. व्हॅलासायक्लोव्हिरने मांजराचं यकृत आणि मूत्रपिंड निकामी होतं. त्याच कुळातलं फॅमसिक्लोव्हिर मांजरांना चालतं, पण वजनावर मात्रा ठरवून, डॉक्टरांच्या हातूनच.

थांबायचं की नाही याबद्दल मी दोघांच्या मधे उभा आहे. मांजर डोळा किलकिला करत असेल, उजेड सोसत नसेल, पंजाने चोळत असेल, पिवळा-हिरवा पू असेल, बुबुळ धुरकट दिसत असेल किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या असतील, तर त्याच दिवशी न्या. किलकिला डोळा म्हणजे दुखरा डोळा. मांजर ओरडून सांगत नाही, डोळा बारीक करते. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर पेठकर म्हणतात तसा एखादा दिवस द्यायला माझी हरकत नाही. मात्र 'बघणं' म्हणजे सकाळ-संध्याकाळ उजेडात दोन्ही डोळे शेजारीशेजारी ताडून बघणं.

कर्वेनगरकर

डॉक्टरसाहेब, दोन प्रश्न. घरी बारा वर्षांचा बोका आहे आणि सहा वर्षांची लेक. पुढच्या रविवारी निवाऱ्यातून मांजरी आणतोय. दोघांना धोका किती? कुणीतरी लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची पावडर सुरू करा असंही सांगितलंय.

गुरांचा_डॉक्टर

मांजराचा हर्पिस माणसाला होत नाही. क्लॅमिडिया क्वचित होऊ शकतो, म्हणून हात लावल्यावर साबणाने हात धुणं आणि लेकीने मांजरीच्या तोंडाला तोंड न लावणं एवढं पुरे. बोक्याची मात्र काळजी घ्या. दोन आठवडे वेगळी खोली, वेगळ्या वाट्या, वेगळा ट्रे. आधी बोक्याचं सगळं आटपायचं, मग मांजरीकडे जायचं. लस कधी दिली होती ते तपासा. लसीने लागण पूर्ण टळत नाही, पण आजार सौम्य राहतो.

लायसिन पूर्वी आम्हीही सांगायचो. २०१५ साली सगळ्या अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात मांजरांना त्याचा उपयोग दिसला नाही. ते पैसे लसीला वापरा.

निवाऱ्यातली_ताई

मी भुरीच्या निवाऱ्यातली नाही, पण शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी आठवड्यातून तीन दिवस जाते. 'डोळा पूर्ण बरा झाल्याशिवाय देऊ नये' हे वाचून राहवलं नाही.

उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत खोक्यांतून पिल्लं येत राहतात. काहींच्या पापण्या पुवाने इतक्या चिकटलेल्या असतात की आत डोळा आहे की नाही कळत नाही. मागच्या जूनमध्ये एका पिल्लाची पापणी मी अर्धा तास ओल्या बोळ्याने भिजवत होते. उघडली तशी पिवळी धार माझ्या मनगटावर आली. आत बुबुळावर फूल पडलेलं. तो डोळा गेला, दुसरा वाचला. ते पिल्लू आता एका डोळ्याने पाल पकडतं असं त्याच्या घरचे कळवतात.

अशा ठिकाणी, एका शेडमध्ये एवढी मांजरं असताना डोळा 'पूर्ण बरा' होईपर्यंत थांबवायचं म्हणजे कायमचं थांबवायचं. काका म्हणतात तो ताण आमच्याकडे रोजचा आहे. आज बरा झालेला डोळा शेजारच्या पिंजऱ्यातल्या शिंकेने परवा पुन्हा येतो. घरातला शांत कोपरा आम्ही औषधाच्या बाटलीत देऊ शकत नाही. भुरी तिथेच राहिली असती तर तिचा व्रण चौथ्या दिवशी कुणाच्या नजरेला पडला असता का? मला खात्री नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतंय.

मात्र 'थोडं पाणी येतं' एवढं सांगून पाठवणं चूक आहे. कधीपासून येतं, कोणतं औषध झालं, लस कधी दिली, केशरी पट्टीची तपासणी केली की नाही, हे कागदावर लिहून द्यायला हवं.

खिडकीतलं_ऊन

ताई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. 'बरा झाल्याशिवाय देऊ नये' हे मी मागे घेते. मला राग पाण्याचा नव्हता, 'थांबेल' या शब्दाचा होता. 'याला हर्पिस असू शकतो, डोळा बारीक केला तर धावा,' इतकं कुणी सांगितलं असतं तरी मी तिला आणलंच असतं. आणि तीन दिवस दिवाणाखाली टॉर्च मारून बघितलं असतं.

पेठकर_काका

किलकिल्या डोळ्याला त्याच दिवशी, हे मान्य. माझ्या यादीत 'डोळा उघडा' होतं, पण अर्धा उघडा आणि पूर्ण उघडा यात मी फरक करत नव्हतो. चुकलंच. स्वच्छ पाण्यावर मात्र मी ठाम आहे. घाबरून दवाखान्याच्या चार चकरा मारल्यामुळे बिघडलेली मांजरंही पाहिलीत.

भुरीला पुन्हा न्यायचं असेलच, तर पिंजरा आजपासून हॉलमध्ये दार उघडं टाकून ठेवा. आत तुमची जुनी वापरलेली ओढणी, न धुता. आणि निघताना वरून चादर टाका.

आजीचा_बटवा

त्रिफळा थांबवते. फक्त कोमट पाणी. थेंब एकटीने कसे घालायचे तेही सांगा, आमची बोचकारते.

खिडकीतलं_ऊन

समोरून जाऊ नका, बाटली दिसली की पळते. मी जमिनीवर बसून तिला दोन गुडघ्यांमध्ये पाठमोरी घेते, टॉवेलमध्ये पंजांसकट गुंडाळून. डाव्या हाताने हनुवटी किंचित वर, उजवा हात डोक्याच्या मागून आणून त्याच हाताने वरची पापणी ओढायची आणि थेंब सोडायचा. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं. लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. पहिले दोन दिवस माझेही हात सोलले होते, आता तुकड्यासाठी ती स्वतः टॉवेलवर येऊन बसते.

मागच्या तपासणीला रेघ पुसट झाली होती. परवा पुन्हा पट्टी लावून बघायचीय. काका, सकाळपासून पिंजरा हॉलमध्ये आहे, आत माझी हिरवी ओढणी. दुपारभर तिने नुसत्या चकरा मारल्या. आत्ता आत जाऊन बसलीये, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून.