रस्त्यात अवचित भेटलेल्या जुन्या गाड्या (रॅलीतल्या नकोत!)

आज सकाळी दूध आणायला गेलो आणि पाऊण तासाने घरी परतलो. प्रभात रोडच्या एका गल्लीत, बंगल्याच्या फाटकाआड, ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उडाला होता. दिसलं ते एवढंच: एक गोल दिवा, क्रोमचा पोपडे धरलेला बंपर आणि फुगीर मडगार्ड. मी फाटकाच्या गजांत नाक खुपसून बसलो. चहाला उशीर झाल्यावर घरी काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

तर धागा याच रोगावर. तुम्हाला कुठे, कशी, कोणती जुनी गाडी भेटली ते खाली सविस्तर लिहा, वर आपलं गाव टाकून. अट एकच. रॅलीतली, प्रदर्शनातली किंवा लग्नाला भाड्याने आणून फुलं चिकटवलेली चालणार नाही. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली हवी, गॅरेजमागे चिंचेखाली रुतलेली हवी, आजोबांनी पेन्शन आणायला बाहेर काढलेली हवी. रोल्स रॉइस दिसली तर मी ‘वा’ म्हणतो आणि चालू लागतो. फियाट दिसली की मात्र मागे वळतो, कारण खंबाटकी घाटात तिच्या मागच्या सीटवर मी उलटी केलेली आहे.

कुर्ला

आमच्या वडिलांची काळीपिवळी होती. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच. कारखाना इथलाच, कुर्ल्याचा, त्यामुळे आम्हाला ती घरचीच पोर वाटायची. पुढे अखंड सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, म्हणून पुढेही तिघं आरामात. दाराच्या काचेपुढे ती छोटी तिकोनी काच असायची. ती फिरवून वारा नेमका तोंडावर घेता यायचा. आजच्या एसीला ती सर नाही, हे मी भर मे महिन्यातही म्हणेन. मीटर बाहेर, डाव्या अंगाला. पावसात वडील हात बाहेर काढून तो पाडायचे आणि कोपरापर्यंत भिजायचे.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही उरली नाही. त्या दिवशी वडील टीव्हीसमोर बसले होते, काही बोलले नाहीत. फक्त आवाज बंद करायला सांगितला.

आता भेटीचं. गेल्या पावसाळ्यात सायनच्या सिग्नलला माझ्या रिक्षाशेजारी एक पद्मिनी थांबली. खासगी, दुधी रंगाची, चालवणारा पंचविशीतला. सिग्नल सुटला, त्याने दुसरा टाकायला दांडा ओढला आणि कर्रर्र! मी रिक्षातून ओरडलो, “क्लच पुरता दाब रे, अर्ध्यात सोडू नको!” त्याने हसून हात केला, पुन्हा टाकला, बसला. रिक्षावाला म्हणाला, “साहेब, तुम्ही पण आमच्यातलेच दिसता.”

ठाणे

गोड गोड चाललंय म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या सोसायटीत एकांची काँटेसा सहा वर्षं झाकलेली आहे. चारही चाकं जमिनीला टेकलीत, खाली मांजर व्यालंय, आणि ती जागा जाते कुणाची, तर व्हिजिटर पार्किंगची. प्रेम असेल तर चालवा. नाहीतर ज्याला चालवायची आहे त्याला द्या.

कोल्हापूर

अट मोडतोय, शिव्या घाला. आमच्याकडं दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते. जर्मन गाडी, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. जी कंपनी एके काळी झेपलिन वायुनौकांची (फुग्यासारख्या, विमानं नव्हेत) इंजिनं बनवायची तिची. आता ही काय अवचित भेट न्हवं, सगळं गाव ठरवून जातंय. पण मी लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून बघायचो आणि सोनं लुटायचं सोडून त्या बॉनेटकडंच बघत राहायचो. पप्पा म्हणायचे, “अरे, आपट्याची पानं कुठायत?” सगळी हातात चुरगाळलेली. आता माझं पोरगं खांद्यावर असतंय. त्याला गाडीपेक्षा घोडी आवडतात. चालायचंच.

मिरज

कोल्हापूरकरांना दसऱ्यापुरती माफी असावी.

माझी भेट गॅरेजातली. स्कूटरचं पंक्चर काढायला थांबलो तर मागच्या शेडमध्ये एका गाडीचं तोंडच गायब! जवळ गेलो तेव्हा कळलं, स्टँडर्ड हेराल्ड. तिचं बॉनेट मडगार्डांसकट, दिव्यांसकट सगळंच्या सगळं पुढे उलटतं. मिस्त्री पुढच्या टायरवर मस्त बूड टेकवून प्लग साफ करत होता. एवढ्या सोयीचं काम दुसऱ्या कुठल्या गाडीत होत नाही, असं त्याचं म्हणणं. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ, पण चार दारांची हेराल्ड फक्त आपल्याकडे, मद्रासला बनली. आणि वळते कशी! २५ फुटांचं वर्तुळ पुरतं तिला. मिस्त्रीने शेडबाहेर काढून गल्लीतच एका दमात फिरवून दाखवली. मग म्हणाला, रबरं मिळत नाहीत, पाणी आत येतं, मालकाला पावसाळ्यात बाहेर काढू नका म्हणून सांगितलंय. माझी स्कूटर संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती.

बर्मिंगहॅम

इथे दर उन्हाळ्यात अशा गाड्या दिसतात. ४० वर्षांवरच्या गाडीला रस्ताकर नाही, त्यामुळे माणसं हौसेने ठेवतात. मी सहसा थांबत नाही. पण गेल्या वर्षी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मागून एक अँबॅसडर दिसली, आणि माझ्या हातातल्या पिशव्या खाली. पुढे जाऊन बघतो तर मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज तीन. म्हणजे आपल्या अँबॅसडरची आईच. इकडे ती १९५९ मध्ये बंद झाली, आपण उत्तरपाड्याला तिची लेक २०१४ पर्यंत बनवत राहिलो.

मालक म्हातारे गृहस्थ. त्यांना सांगितलं की या गाडीत आम्ही नऊ जण पंढरपूरला गेलो होतो. त्यांना वाटलं माझं इंग्रजी चुकलं. “नाइन?” मग बोटं दाखवली. त्यांनी मागचं दार उघडून सीटकडे बराच वेळ पाहिलं.

नाशिक

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे नूतनीकरणाला ५,०००. मेख अशी की मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. आमच्या सासऱ्यांनी हे ऐकलं आणि फाइल मिटली. म्हणाले, “मग भाजी आणायला काय तुझी गाडी नेऊ?” त्यांची अँबॅसडर अजून दर बुधवारी बाजारात जाते. कुणी फोटो काढायला लागलं की ते मुद्दाम हॉर्न वाजवतात.

म्हापसा

आमच्याकडे १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमलात, परदेशी गाड्या येणं सोपं होतं. म्हणून जुन्या घरांच्या पडवीत अजून एखादी ओपेल, एखादी मर्सिडीज निघते. साळगावला एका घरी आंबे विकत घ्यायला गेलो तर आंबे ओपेलच्या डिकीत गवतात पिकत घातलेले. खरेदी झाली, पण घासाघीस करायचं विसरलो.

कुर्ला

पुणेकर, तुमच्या ताडपत्रीचं काय? गोल दिवा आणि फुगीर मडगार्ड यावरून मला संशय डुक्कर फियाटचा, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या गुबगुबीत फियाटचा आहे. एक खूण सांगतो. पुढच्या दाराची मूठ कुठे आहे ते बघा. जुन्या डुक्करची पुढची दारं मधल्या खांबाला बिजागरलेली असतात, त्यामुळे मूठ पुढच्या चाकाकडे. पद्मिनी असेल तर मागच्या बाजूला.

पुणे, धागाकर्ता

आज रविवारी फाटक उघडंच होतं. घरच्या काकू अंगणात होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “गाडी बघायची ना? चप्पल असू द्या.”

कुर्लेकर, मूठ पुढे आहे! डुक्करच. हिरवट करडी, काकूंच्या सासऱ्यांनी घेतलेली, शेवटची धावली तेव्हा काकूंचा मुलगा शाळेत होता. आत पुढच्या सीटवर छतापर्यंत वर्तमानपत्रांची रद्दी रचलेली. मी विचारलं, रद्दीवाल्याला का देत नाही? काकू म्हणाल्या, “दर महिन्याला बोलावते. तो येतो, दार उघडतो, तासभर गाडी बघतो, गाडीचाच भाव विचारतो आणि रद्दी न नेता जातो.”