800 मीटरचा 1983 चा विक्रम: ही बाई मुळात 400 वाली होती का?

सातारकर_बाप:
लेक आठवीत आहे, 800 पळते. तिच्यासाठी महिलांचा जागतिक विक्रम शोधला: यार्मिला क्रातोख्विलोव्हा, चेकोस्लोव्हाकिया, 1:53.28, म्युनिक, 26 जुलै 1983. भागाकार केला तर दर 200 ला 28.32 सेकंद. लेकीला म्हटलं, एकच 200 जीव तोडून मार. 31.6 आले. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणते, "बाबा, असे अजून तीन?" ही बाई नक्की कोण?

जुना_टायमर:
400 वालीच. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकला 49.46 मध्ये रौप्य, तिच्या पुढे फक्त पूर्व जर्मनीची मारिटा कोख. म्युनिकलाही ती 800 साठी गेली नव्हती. पायात गोळे येत होते, म्हणून जरा संथ शर्यत बरी असं ठरलं आणि विक्रम झाला! वय 32.

पण मला विचाराल तर खरी कमाल दोन आठवड्यांनी, हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत. 9 ऑगस्टला 400 ची सेमी आणि त्याच दिवशी 800 ची फायनल, 1:54.68 मध्ये सुवर्ण. दुसऱ्या दिवशी 400 मध्ये 47.99. 48 च्या आत येणारी पहिली बाई. आमच्याकडची पोरं दोन हीटच्या मध्ये केळं खाऊन आडवी होतात.

शंकेखोर:
ते दंडाचे स्नायू बघितलेत का तिचे? त्या काळात चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनीसारख्या देशांत खेळाडूंना सरकारी खात्यामार्फतच ताकद वाढवणारी औषधं दिली जात होती, याची कागदपत्रंही नंतर बाहेर आली. विक्रम पुसा म्हणणारे आजही आहेत.

जुना_टायमर:
शंका मलाही आहे, लपवत नाही. पण ती चाचणीत कधी सापडली नाही आणि तिनं आरोप कायम नाकारले. व्हिटॅमिन बी 12 घेत होते म्हणाली. नुसते दंड बघून निकाल द्यायला माझं मन घेत नाही.

वाईट वाटतं ते 1984 चं. आपण सगळे उषाच्या हुकलेल्या पदकासाठी लॉस एंजेलिस लक्षात ठेवतो. चेकोस्लोव्हाकियाचा बहिष्कार होता, ही घरी. तिथं 800 चं सुवर्ण 1:57.60 ला गेलं. 1987 ला थांबली, मग कोच झाली. तिची शिष्या लुडमिला फोर्मानोव्हा 1999 ला स्पेनमधल्या सेव्हियाला 800 ची जगज्जेती.

बाकी सातारकर, पोरीला 200 जीव तोडून पळवू नका. 38 चे चार द्या, मध्ये तीन मिनिटं चालणं.

सातारकर_बाप:
आज दिले. 38, 38, 39, आणि चौथ्याला 44. आता घड्याळ तिनं स्वतःकडे ठेवलंय, म्हणते तुम्ही उशिरा दाबता.