तीन वर्षं झाली की पायथॉन रद्दीत?

छापखान्यातला पोऱ्या

परवा इथे फोरमवर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल एकाने लिहिलं, "तीन वर्षांपेक्षा जुना पायथॉन सांभाळणं म्हणजे फुकटची हमाली. स्पेक-० डोळे मिटून लावा आणि मोकळे व्हा." खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

स्पेक-० म्हणजे शास्त्रीय कामाच्या पायथॉन लायब्ररींनी जुन्या आवृत्त्या कधी सोडायच्या याचं धोरण. त्याचा हिशोब काय, तर पायथॉन ३ वर्षं, नमपाय-पांडाज ही आकडेमोडीच्या लायब्ररींची मंडळी २ वर्षं. आधीच्या नेप-२९ या तशाच धोरणात पायथॉनला निदान ४२ महिने तरी होते. खुद्द पायथॉनवाले प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षं पोसतात. भाषा बनवणारे पाच वर्षं थांबतात, आणि तिच्यावर चारशे ओळी लिहिणारा तीन वर्षांत दार लावून घेतो!

किमान आवृत्ती वाढवायला कारण लागतं, एवढंच माझं म्हणणं. नवी सोय वापरलीत, जुन्यात बग निघाला, तर वाढवा की. पण कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून? जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा रूपांतरक मी सांगलीच्या एका छापखान्यात बसवला होता. २०२३ मध्ये त्याने पायथॉन ३.८ सोडलं. बदल उघडून पाहिला तर किमान आवृत्ती लिहिलेल्या पायप्रोजेक्ट फाइलमध्ये एक ओळ, कोडमध्ये शून्य. विचारलं तर उत्तर, "धोरण आहे." आता ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि छापखान्यात विंडोज ७ आहे. बसा बोंबलत.

सीआयचा हमाल

तो रूपांतरक माझाच आहे, महाशय. "धोरण आहे" हे उत्तरही माझंच.

एक ओळ तुम्हाला दिसली. पाच पायथॉन, तीन ओएस, प्रत्येकाला डिपेंडन्सीचं (म्हणजे ज्या बाहेरच्या लायब्ररींवर कोड टेकतो त्यांचं) किमान आणि कमाल टोक, म्हणजे सीआयमध्ये, आपोआप चालणाऱ्या चाचण्यांमध्ये, ३० जॉब. ते रात्री साडेअकराला लाल झाले की कोण उठतं? मी असे चार प्रकल्प एकटा सांभाळतो. त्यातल्या एकात नमपाय आहे. ३.८ धरलं तर नमपाय १.२४ च्या पुढे जाता येत नाही, आणि जून २०२४ च्या २.० ने तर एबीआयच मोडला, म्हणजे जुन्यावर बांधलेली पॅकेजं नव्यावर चालेनात. 'कॉपी=फॉल्स' या सूचनेचा अर्थसुद्धा बदलला. दोन्हीकडे चालेल असा कोड एकदा लिहून बघा, मग पाच वर्षांच्या गप्पा मारा.

चारही प्रकल्पांना एकच नियम लावला, कारण प्रत्येक आवृत्तीसाठी तुमच्यासारख्याशी भांडायला मला वेळ नाही. तारीख ठरलेली असली की वाद घालायचा तर तारखेशी घाला.

आणि पॅकेज बसवणारा पिप 'रिक्वायर्स-पायथॉन' ही किमान आवृत्तीची ओळ वाचतो. ३.८ वाल्याला शेवटची चालणारी आवृत्ती आपोआप मिळते. तुमच्याकडून काही हिसकावून घेतलेलं नाही.

छापखान्यातला पोऱ्या

अरे वा, साक्षात मालक! मग ऐका मालक. त्या "शेवटच्या चालणाऱ्या" आवृत्तीत 'पुढाऱ्यांचे' हे 'पुढार्यांचे' होऊन येतं. दुरुस्ती तुम्हीच केलीत, पण पुढच्या आवृत्तीत, ३.८ सोडल्यावर. नमपायचं दुखणं मान्य. पण रूपांतरकात नमपाय आहे कुठे? थोरल्याला पडसं झालं म्हणून धाकट्याला काढा पाजताय.

बे एरियातली मावशी

मला एक कळत नाही, अजून विंडोज ७? सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. ओपन सोर्सवाल्याने कुणाकुणाची जुनी मशिनं ओढायची? लिनक्स टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

डीटीपी काका

आलं का लिनक्स! मावशी, त्या मशिनच्या मागे पॅरलल पोर्टला डोंगल लावलेला असतो. तो असेल तरच फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतं. नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नसतं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनवर मी दोन दिवस घालवले, डोंगल काही दिसला नाही. आणि डोंगल म्हणजे नुसती किल्ली नाही हो, वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक सगळं त्या कुलपाआड आहे.

बे एरियातली मावशी

म्हणूनच म्हणते, युनिकोडवर या. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला किती दिवस लागतात?

डीटीपी काका

आमच्याकडच्या ऑपरेटर बाईंना विचारा. बावीस वर्षं टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला हात. रफार अक्षरानंतर द्यायची सवय, युनिकोडमध्ये तो आधी. पहिल्या आठवड्यात त्या रडायच्या बाकी होत्या. "अर्ध्या तासाचं काम" म्हणे. तिकडे बसून बोलायला काय जातं!

बे एरियातली मावशी

"तिकडे बसून" काढायची गरज नव्हती. माझ्या वडिलांचा स्वतःचा छापखाना होता. खिळे जुळवायचे ते. ऑफसेट आलं तेव्हा त्यांनी खिळे विकले आणि नवीन शिकले, पन्नाशीत.

मराठी शब्दवेडा

'डिपेंडन्सी'ला 'अवलंबन' म्हणायला काय हरकत आहे?

डीटीपी काका

आत्ता नको हो.

अल्पाइनग्रस्त

मूळ मुद्द्यावर येऊ का? फेब्रुवारी २०२१ मध्ये क्रिप्टोग्राफी या पायथॉन लायब्ररीच्या ३.४ ने बिल्डला रस्ट ही दुसरीच भाषा मागितली, तेव्हा आमचे अल्पाइन लिनक्सवरचे सगळे कंटेनर आडवे पडले होते. शिव्या मीही घातल्या. पण चूक आमची, कोणती आवृत्ती घ्यायची ते पक्कं ठरवून ठेवलंच नव्हतं. तेव्हापासून मी मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या बाजूने. फक्त आधी कळवावं. व्हीएस कोड या एडिटरने २०२४ च्या सुरुवातीला जुना जीलिबसी (लिनक्सची पायाभूत लायब्ररी) सोडला, ओरड झाली, आणि वर्षभराची मुदत द्यावीच लागली. ती आधीच दिली असती तर?

सीआयचा हमाल

आधी कळवायचं ठीक आहे, त्यात मी कमी पडलो. पण पोऱ्यासाहेब, तुमच्याच पाच वर्षांच्या हिशोबाने ३.८ ऑक्टोबर २०२४ मध्ये गेलं. आज काय म्हणणं आहे?

छापखान्यातला पोऱ्या

आज काय म्हणणार, घ्या, जिंकलात. पण तुम्ही काढलं तेव्हा ते जिवंत होतं.

सीआयचा हमाल

'पुढाऱ्यांचे'चा पॅच किती ओळींचा आहे, ठाऊक आहे? अकरा. जुन्या आवृत्तीची शाखा उघडतो, पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) तुम्ही टाका, चाचण्यांसकट. एकच आवृत्ती निघेल. पुन्हा विंडोज ७ चं नाव काढलंत तर तक्रारीचा इश्यू न वाचता बंद करीन.

छापखान्यातला पोऱ्या

रविवारी टाकतो. सीआय चालू ठेवा म्हणजे झालं.

डीटीपी काका

ते होईल तेव्हा होईल. सांगलीत विंडोज ७ आहे म्हणालात, म्हणजे तिथला डोंगल अजून चालत असेल ना? आमचा गेल्या पावसाळ्यात गेला. त्यांच्याकडे एखादा जादा पडून आहे का, विचाराल?