मदत हवी आहे: लग्नाच्या पडद्यावर वारली लग्नचौक काढावा का?

नमस्कार. मी पुण्यात भित्तिचित्रांची कामं करते. एका लग्नासाठी स्टेजमागचा मोठा कापडी पडदा रंगवायचं काम आलं आहे. वधूकडच्यांना तो 'वारली' हवाय आणि नमुना म्हणून त्यांनी जो फोटो पाठवलाय तो थेट लग्नचौकाचा आहे. नक्षीची चौकट, मध्ये पालघट देवी (वारल्यांची मातृदेवी), आजूबाजूला सूर्य, चंद्र, शिडी, फणी. लग्नाचं चित्र लग्नात शोभेल, असं त्यांचं साधं म्हणणं.

मला मात्र ते पटत नाहीये. चौक हा वारल्यांच्या लग्नविधीचा भाग आहे. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो घरातल्या भिंतीवर काढतात, धवलेरी (लग्न लावणारी वारली बाई) गाणी म्हणते, आणि पालघटीशिवाय लग्न लागत नाही. ती देवी फोटोंसाठी मागे उभी करायची आणि कार्यक्रम आटोपला की पडदा गुंडाळून गोदामात टाकायचा, याला हात धजत नाही. यावर त्यांनी सुचवलं, "मग देवी काढून टाका, चौकट ठेवा." ते तर मला अजूनच वाईट वाटतं. देवीची जागा रिकामी करून तिथे नवरा-नवरीची नावं घालायची?

विचारायचं असं की, चौक सोडून काय काढलं तर चालेल? आणि वारली नसलेल्या माणसाने पैसे घेऊन हे काम करावं का? डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. काम सोडावं लागलं तरी चालेल.

प्रतिसाद

मी डहाणू तालुक्यातला, वारली. चौक काढू नका, हे आधी सांगतो. देवीसोबतच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या म्हणजे पाच शिरांचा देव असतो, तोही नको. अर्धा चौक तर नकोच.

पण म्हणून सगळंच बंद आहे असं नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात कागदावर चित्रं काढायला सुरुवात केली. लावणी, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, तारपा नाच (तारपा हे आमचं फुंकून वाजवायचं वाद्य) असे किती विषय त्यांनी रंगवले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही चित्रं आमचीच माणसं विकायलाच काढतात. तुम्हाला आनंदाचा प्रसंग हवाय ना, मग तारपा घ्या. फक्त नीट बघून काढा. तारपा वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. शहरातल्या भिंतींवर वाजवणारा कोपऱ्यात आणि नाचणारे भलतीकडे तोंड करून, असं सर्रास दिसतं. तारप्याला खाली बांबूच्या दोन नळ्या आणि वर दुधी भोपळा असतो. लोक तिथे सनई काढून मोकळे होतात.

दुसऱ्या प्रश्नाचं सांगायचं तर, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे हे नाव कायद्याने इथल्या कलेशी जोडलेलं आहे. 'वारली' हे नाव लावून पैसे घ्यायचे असतील तर वारली चित्रकारालाच काम द्या. मदतनीस म्हणून नको, मुख्य चित्रकार म्हणून. चित्र कसं असावं हे त्याला ठरवू द्या, सही त्याची असू द्या. प्रवास, राहणं, कापड, रंग यांचा खर्च मजुरीतून कापू नका. इतकं साधं असूनही हे पाळलं जात नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. वधूच्या आईशी आत्ताच बोलले. पालघट म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, ऐकल्यावर त्यांनीच चौक नको म्हटलं. तारपा नाच चालेल म्हणाल्या. पडदा वारली चित्रकाराकडूनच करून घ्यायचा, कापड ताणणं आणि गेरूचा हात देणं मी करेन. लग्न मार्गशीर्षात आहे. भातकापणीच्या दिवसांत तिकडे कुणाला सवड नसेल, तर कधी विचारलेलं बरं? मोठ्या कापडावर काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.